बीपीची गोळी: सकाळी की रात्री?

2019 च्या ऑक्टोबरात स्पेनमधून एक संशोधन आलं आणि थोड्याच दिवसांत दवाखान्यात प्रश्न सुरू झाले, ‘डॉक्टर, बीपीची गोळी रात्री घेतली तर अटॅक येत नाही म्हणे?’ ‘हायजिया’ नावाची ती चाचणी होती. रुग्ण 19,084. झोपताना गोळी घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात असे प्रकार 45 टक्क्यांनी कमी आढळले. व्हॉट्सॲपला एवढं पुष्कळ होतं. काही डॉक्टरांनीही चिठ्ठीवरची वेळ बदलून टाकली.

खरं तर हा आकडा पचायला तेव्हाही जडच होता. वरचा रक्तदाब 10 अंकांनी उतरला की हृदयाचे आणि मेंदूचे मोठे आजार साधारण 20 टक्क्यांनी कमी होतात, हे अनेक चाचण्या एकत्र करून बांधलेलं गणित आहे. हायजियातल्या दोन गटांच्या झोपेतल्या रक्तदाबात फरक होता जेमतेम तीन-चार अंकांचा. एवढ्याशा भांडवलावर 45 टक्के नफा कुणी सांगितला, तर आपण आधी वही मागतो. संशोधकांपैकी अनेकांनी ती मागितलीही. रुग्णांची दोन गटांत विभागणी नेमकी कशी केली, इथपासून शंका निघाल्या.

2022 मध्ये ब्रिटनमधल्या ‘टाइम’ चाचणीचा निकाल आला. 21,104 जण, पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा. संध्याकाळच्या गटात 3.4 टक्क्यांना त्रास झाला, सकाळच्या गटात 3.7 टक्क्यांना. म्हणजे फरक नाहीच. मग 2025 च्या मे महिन्यात कॅनडाची ‘बेडमेड’ आली. मला ती जास्त जवळची वाटते, कारण तिच्यातले 3,357 रुग्ण पाच प्रांतांतल्या फॅमिली डॉक्टरांकडचे, नेहमीचेच होते. उत्तर तेच. रात्रीच्या गोळीने म्हातारी माणसं पडतात, डोळ्यांना इजा होते, ही भीतीही तिथे खरी ठरली नाही.

यामागचं कारण औषधातच आहे. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून निम्मं उतरायलाच 30 ते 50 तास लागतात, टेल्मिसार्टनला सुमारे 24. सकाळी घ्या नाहीतर रात्री, ते दिवसभर अंगात असतंच.

‘टाइम’मधला एक आकडा मात्र मथळ्यांत आला नाही. नेमून दिलेली वेळ पाळता आली नाही असं सांगणारे सकाळच्या गटात 22.5 टक्के होते, संध्याकाळच्या गटात 39. फॅमिली डॉक्टरच्या कामाची गोष्ट खरी तर हीच. आपल्याकडची कारणं तर ठरलेली: आज चतुर्थी आहे, गावाला गेलो होतो, पट्टी संपली, आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘बीपी नॉर्मल आलं म्हणून बंद केली.’ अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय! अशा माणसाचा रक्तदाब वाढलेला दिसला की आम्ही दुसरी गोळी जोडतो. पहिली किती दिवस पोटात गेली, हे विचारायला वेळ नसतो. गर्दीच्या ओपीडीत मीही यातून सुटत नाही, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा या जिल्ह्यांत सुरुवातीला राबवलेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भर होता तो थोड्याच ठरावीक औषधांवर, ती संपू न देण्यावर आणि न आलेल्या रुग्णाचा माग काढण्यावर. घड्याळावर नव्हे.

तेव्हा 2019 नंतर ज्यांनी रात्रीची सवय लावून घेतली आणि ती टिकली, त्यांनी उगाच वेळ बदलू नये. नव्याने सुरू करणाऱ्यांनी चहा, पूजा, सातच्या बातम्या, जे रोज चुकत नाही त्याला गोळी जोडावी. लघवीला जास्त लावणारी गोळी असेल तर तेवढी सकाळीच बरी, नाहीतर रात्रीतून तीनदा उठावं लागतं आणि चौथ्या दिवशी माणूस ती स्वतःच बंद करतो.