साहसाची परीक्षा काठावर

साहस या शब्दाविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. वडीलधारी माणसे पाण्याच्या नुसत्या नावाने धास्तावतात आणि मुलांना काठापासून दूर ठेवतात. उलट, तरुण रक्ताला वाटते की, विचार करीत बसतो तो भित्रा आणि डोळे मिटून उडी घेतो तो शूर. ही दोन्ही मते अपुरी आहेत. भीतीपोटी घरी बसणाऱ्याला नदी कधी कळत नाही. आणि विचार न करता नदीत शिरणाऱ्याला ती कळते, पण फार उशिरा. खरे साहस या दोहोंच्या मधल्या वाटेने जाते. त्या वाटेचे नाव पूर्वतयारी.

डोंगरी नदीतून रबरी होडीने केलेला प्रवास, ज्याला राफ्टिंग म्हणतात, हे याचे उत्तम उदाहरण होय. रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर असा प्रवास करता येतो. हवा भरलेली जाड रबराची होडी, तिच्या दोन्ही कडांवर वल्ही घेऊन बसलेली मंडळी आणि मागे बसून दिशा राखणारा गाइड, असा हा सरंजाम असतो. सुमारे १२ किलोमीटरच्या या वाटेवर नदीचे पात्र मध्येच अरुंद होते, उतरते आणि पाणी खडकांवर आदळून उसळते. अशा जागांना खळाळ म्हणावे. तेथे पाण्यात हवा मिसळून असंख्य बुडबुडे होतात आणि पाणी दुधासारखे पांढरे दिसते. खळाळांच्या अवघडपणाच्या १ ते ६ अशा श्रेणी जगभर मानल्या जातात. पहिली अगदी सौम्य, तर सहावीच्या वाटेला निष्णात नावाडीही सहसा जात नाहीत. कुंडलिकेवरील खळाळ सामान्यतः दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत. म्हणजे नवशिक्याला जमण्याजोगे, पण गाफील माणसाला धडा शिकवणारे.

एवढ्याशा प्रवासाला तयारी ती कसली, असे सहलीला निघालेल्या वर्गाला वाटेल. डबा आणि सुके कपडे घेतले की झाले! परंतु पहिली तयारी प्रश्न विचारण्याची असते. आणि पहिला प्रश्न असा, की या नदीला पाणी येते कोठून?

कुंडलिकेच्या बाबतीत याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. घाटमाथ्यावर मुळशीच्या धरणाने मुळा नदीचे पाणी अडवले आहे. एरवी ते पूर्वेकडे वाहत भीमा आणि कृष्णा यांच्यावाटे बंगालच्या उपसागरास मिळाले असते. ते सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथील वीजगृहात उतरवले जाते. १९२७ साली सुरू झालेल्या या वीजगृहातील चक्रे फिरवून ते पाणी कुंडलिकेत येते आणि रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. म्हणून भर उन्हाळ्यातही या नदीत होडी तरते. मात्र पावसाळा सोडला, तर नदी केव्हा फुगेल हे ढगांपेक्षा माणसाने उघडलेल्या दारांवर अवलंबून असते. सहलीची वेळ स्वतःच्या सोयीने ठरवून चालत नाही. पाणी सुटण्याची वेळ आधी विचारून घ्यावी लागते.

हा प्रश्न न विचारल्याची किंमत किती मोठी असू शकते, हे ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात दिसले. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या पात्रातील खडकांवर उतरले होते. वरच्या धरणातून पाणी सोडले गेले आणि पाहता पाहता २४ विद्यार्थी वाहून गेले. नदी क्षणापूर्वी शांत होती, एवढीच त्यांना तिची ओळख होती. पाणी सोडणाऱ्यांनी इशारा देणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. तथापि पात्रात पाऊल टाकणाऱ्यानेही वर धरण आहे काय, हे विचारल्यावाचून राहू नये.

दुसरी तयारी खरे बोलण्याची. होडीत बसण्यापूर्वी गाइड विचारतो, ‘पोहता कोणाला येत नाही? दमा, फिट येणे, हृदयाचा विकार असे काही कोणाला आहे काय?’ चार मित्रांसमोर हात वर करण्याची लाज वाटते आणि एखादा मुलगा गप्प राहतो. ही क्षणाची लाज पुढे सर्वांना महाग पडते. पोहता न येणाऱ्याला सोप्या नदीवर लाइफ जॅकेट घालून नेताही येते. गाइड त्याला जवळ बसवतो, त्याच्यावर नजर ठेवतो. पण जे सांगितलेच नाही, त्याची काळजी कोणी कशी घ्यावी? काठावर खरे बोलण्यास जे धैर्य लागते, ते खळाळात किंचाळण्यास लागत नाही.

तिसरी तयारी आज्ञा ऐकण्याची. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघाभर पाणीही धडधाकट माणसाला लोळवते. होडीतून कोणी पडलाच, तर उभे राहण्याची धडपड करू नये. खडकांच्या फटीत पाय अडकला, तर मागचे पाणी माणसाला दाबून बुडवते. उताणे व्हावे, पाय प्रवाहाच्या दिशेस पुढे धरावेत, पावले वर ठेवावीत आणि दोराची वाट पाहावी. हे सारे काठावर दहा मिनिटांत सांगितले जाते. त्या दहा मिनिटांत जो थट्टामस्करी करतो, तो आपल्याबरोबर आपल्या सोबत्यांनाही संकटात घालतो. कारण होडी एक असते आणि वल्ही सर्वांची.

‘इतका विचार केला, तर मजा ती काय उरली?’ असे कोणी म्हणेल. या आक्षेपात थोडे तथ्य आहे. अनपेक्षिताचा आनंद साहसात असतोच. पण तयारीने तो नाहीसा होत नाही. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट आवळले म्हणून लाट लहान होत नाही. फक्त ती पाहण्यासाठी मन मोकळे राहते.

सर्वांत अवघड तयारी ‘आज नाही’ हा शब्द ऐकण्याची. पाणी वाढले आहे, आज होडी निघणार नाही, असे गाइडने सांगितले, की पैसे भरलेली मंडळी हुज्जत घालू लागतात. त्यांनी एडमंड हिलरी यांचे स्मरण ठेवावे. १९५३ साली तेनसिंग यांच्यासह एव्हरेस्टचे शिखर गाठणाऱ्या या वीराने १९७७ साली गंगासागरापासून गंगेच्या उगमाकडे वेगवान होड्यांनी प्रवास केला. नंदप्रयागजवळ धबधब्याने वाट अडवली. हिलरी यांनी होड्या तेथेच थांबवल्या आणि पुढची वाट पायी धरली. त्यामुळे त्यांच्या कीर्तीस बाध आला नाही.

एखाद्या मुलाला ऐन वेळी भीती वाटली आणि तो काठावरच थांबला, तर त्याला हसू नये. ज्या वर्गात ‘मला नको’ असे निःसंकोच म्हणता येते, तोच वर्ग नदीवर नेण्यास योग्य होय. नदीत उतरण्याचे धैर्य पुष्कळांपाशी असते. न उतरणाऱ्याचा मान राखण्याचे मोठेपण मात्र काठावरच शिकावे लागते.