मिरजेचे पाणी आणि लातूरचे देयक

12 एप्रिल 2016 रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्थानकात शिरली. मांजरा धरण आटले होते. पाण्यावरून दंगे होतील या भयाने मार्चमध्येच टाक्यांभोवती 144 कलम लावण्याची पाळी प्रशासनावर आली होती. पहिल्या गाडीला 10 वाघिणी होत्या. त्यांतील 5 लाख लिटर पाणी पावणेचार लाखांवर वस्तीच्या शहरात माणशी दीड लिटरही पडत नव्हते. पुढे 50 वाघिणींची गाडी धावू लागली, तेव्हा ते माणशी साडेसहा लिटरांपर्यंत गेले. देणारा सांगली जिल्हाही काही तृप्त नव्हता. जत-आटपाडीचे शेतकरी पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या आभाळाकडेच पाहत आले आहेत.

मे महिन्यात रेल्वेने लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे सुमारे 4 कोटींचे वाहतूक-देयक पाठवले. ते प्रशासनानेच मागवले होते, असा खुलासाही झाला. खुलासा खरा मानला तरी तहान भागवण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे गाडी सुटण्यापूर्वी ठरले नव्हते, हे उघड आहे. गाडी सुटली ती वरच्या आदेशाने. दोन शहरांच्या पाणीखात्यांनी शांततेच्या काळात केलेल्या करारातून ती सुटली नाही. आदेश निघतो तोच मुळी आकांत वर्तमानपत्रांत पोहोचल्यावर, आणि मधल्या काळात टँकरवाल्यांचे फावते.

ऑगस्ट 2019 मध्ये पारडे फिरले. कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली बुडाली, कोल्हापूरची उपसा केंद्रे पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असताना नळ कोरडे पडले. अशा वेळी शेजाऱ्याकडून पाण्याच्या जोडीला पंप, मोटारी, क्लोरीन आणि ते जोडणारे फिटर हवे असतात. ते आले तरी जुळतीलच असे नाही. 1991 मध्ये अमेरिकेतील ओकलंडच्या टेकड्या पेटल्या तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब धावून आले. पण ओकलंडच्या नळखांबांचे तोंड 3 इंची आणि पाहुण्यांचे पाइप अडीच इंची. त्या आगीत 25 माणसे मेली. कॅलिफोर्नियातील पाणीसंस्थांनी परस्परांना माणसे व यंत्रे देण्याचे लेखी करार केले ते त्याच दशकात. भांडवलशाहीच्या माहेरघरी सहकार कळावा आणि सहकाराचा डिंडिम वाजवणाऱ्या महाराष्ट्राने जिल्हाधिकाऱ्याच्या फर्मानावर विसंबावे, हा विरोधाभास मौजेचा नाही.

मृणालताई गोरे यांनी हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांचा प्रश्न महापालिकेच्या सभागृहात नेला. आज पालिकांत बसणाऱ्या साथींनी अंदाजपत्रकाच्या सभेत साधे प्रश्न विचारावेत. शेजारच्या पालिकेकडे किती अश्वशक्तीचे पंप आहेत? आपल्या वाहिनीला ते लागतात काय? मागणी कोणी कोणाकडे करायची, आणि खर्च किती दिवसांत फेडायचा? आणि मुख्य म्हणजे, दुसऱ्या शहरात पुराच्या पाण्यात उतरणारा कामगार बहुधा कंत्राटी असतो. त्याचा जादा वेळेचा पगार आणि विमा कोणत्या पालिकेच्या खात्यावर पडणार, आणि तो परतलाच नाही तर भरपाईसाठी त्याच्या बायकोने कोणाच्या दारात उभे राहायचे, हे करारात लिहून घ्यावे.