उपकार आणि तक्रार

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत दोन विद्यार्थ्यांचा वाद चांगलाच रंगला होता. दोघेही फुटबॉलचे शौकीन, दोघेही लंडनच्या आर्सेनल संघाचे कट्टर चाहते, आणि तरीही वाद! विषय होता त्या संघाचे माजी मॅनेजर आर्सेन वेंगर यांचा. एक म्हणे, "असा माणूस त्या संघाला पुन्हां मिळणें नाहीं." दुसरा म्हणे, "न मिळाला तर बरेंच. त्यांनीं कांहीं वर्षें आधींच जावयास हवें होतें." घंटा झाली व वाद तेथेंच थांबला. परंतु माझ्या मनांत तो चालूंच राहिला. कारण दोघांचेंही म्हणणें खरें होतें, आणि दोघांचीही चूक एकच होती. ती चूक केवळ खेळापुरती नाहीं, म्हणून तिचा थोडा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

ज्या पालकांस या खेळाची विशेष माहिती नाहीं, त्यांच्याकरितां आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. वेंगर यांच्या काळीं इंग्लंडांतील मॅनेजर म्हणजे केवळ कवाईत-मास्तर नव्हे. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता सोडावा, कोणास मैदानावर उतरवावें, यांत त्याचा शब्द मोठा. आणि संघ हरला म्हणजे दोषाचा धनीही तोच. 1996 च्या ऑक्टोबरांत वेंगर आर्सेनलच्या या जागेवर आले. ते फ्रान्सच्या अल्सेस प्रांतांत वाढलेले. आईबाप खानावळ चालवीत. स्वतः अर्थशास्त्राचे पदवीधर. आणि येण्यापूर्वीं जपानांत नागोया येथील संघ सांभाळीत होते. इंग्लंडांत त्यांचें नांव थोड्यांसच ठाऊक होतें. हे आर्सेन कोण, असा प्रश्न वर्तमानपत्रांनीं उघडपणें विचारला.

वेंगर यांनीं प्रथम लक्ष घातलें तें खेळाडूंच्या ताटांत. चॉकलेटें बंद झालीं. उकडलेले मासे, कोंबडी व भाजीपाला आला. दारूच्या बैठकांस आळा बसला. अंग मोकळें करण्याचे व्यायाम नेमानें होऊं लागले. फळ लवकरच दिसलें. 1998 सालीं आर्सेनलनें साखळी स्पर्धेचें अजिंक्यपद व एफ. ए. चषक हे दोन्ही मान मिळविले. 2002 सालीं पुन्हां तोच पराक्रम केला. आणि 2003-04 च्या हंगामांत तर 38 सामन्यांपैकीं 26 जिंकले, 12 बरोबरींत सोडविले व एकही गमावला नाहीं. इंग्लंडच्या वरिष्ठ साखळींत सबंध हंगाम अपराजित राहण्याचा प्रसंग त्यापूर्वीं एकदांच, 1888-89 सालीं प्रेस्टन संघाच्या बाबतींत, घडला होता. आणि तेव्हां सामने अवघे 22 होते.

यापुढचा भाग कमी झगमगीत आहे, परंतु माझ्या मतें तोच अधिक विचार करण्याजोगा आहे. हायबरी येथील जुनें मैदान 1913 पासूनचें. त्यांत सुमारें 38,000 प्रेक्षक मावत. 2006 सालीं संघ जवळच बांधलेल्या, सुमारें 60,000 प्रेक्षकांच्या नव्या क्रीडांगणांत गेला. त्यास सुमारें 39 कोटी पौंड खर्च आला आणि डोक्यावर मोठें कर्ज झालें. एखाद्या कुटुंबानें ऋण काढून घर बांधावें आणि पुढें कित्येक वर्षें सणासुदीलाही हात आंखडून राहावें, तशी स्थिति झाली. आंरी 2007 सालीं गेला. फाब्रेगास व नासरी 2011 सालीं. वान पर्सी 2012 सालीं, आणि तोही मँचेस्टर युनायटेड या जुन्या प्रतिस्पर्ध्याकडे! त्यांच्या जागीं पुष्कळदां कोवळे खेळाडू घेऊन वेंगर यांनीं संघाला दरवर्षीं पहिल्या चारांत ठेविलें. 1997 पासून 2016 पर्यंत तें स्थान एकदांही सुटलें नाहीं. त्या स्थानामुळें युरोपच्या मोठ्या स्पर्धेचें दार उघडे व पैसा येई. हें काम कोणाच्या डोळ्यांत भरणारें नव्हतें. प्रेक्षकांना दिसे तें एवढेंच कीं, 2005 च्या एफ. ए. चषकानंतर 2014 पर्यंत एकही चषक घरीं आला नाहीं. 2011 सालीं मँचेस्टरला 8-2 असा दारुण पराभव झाला. आणि 2014 च्या मार्चमध्यें, वेंगर यांच्या हजाराव्या सामन्याच्या दिवशींच, चेल्सी संघानें 6-0 असा धुव्वा उडविला.

पुढें कर्जाचा भार हलका झाला, मोठ्या किंमतीचे खेळाडू पुन्हां येऊं लागले, आणि 2014, 2015 व 2017 असे तीन एफ. ए. चषकही मिळाले. परंतु अजिंक्यपद कांहीं आलें नाहीं. 2016 सालीं सारे बलाढ्य संघ चांचपडत असतां अजिंक्य ठरला तो लेस्टर. आर्सेनल दहा गुणांनीं मागें, दुसरा. पुढील वर्षीं बायर्न म्युनिकनें दोन सामने मिळून 10-2 असें हरविलें. त्याच चुका पुन्हां पुन्हां दिसूं लागल्यावर चाहत्यांचा धीर सुटला.

त्याच 2017 च्या मार्चमध्यें वेस्ट ब्रॉमविच येथील सामन्याच्या वेळीं एक विलक्षण देखावा दिसला. क्रीडांगणावरून एक विमान फलक ओढीत गेलें. वेंगर यांना नवा करार नको, त्यांनीं जावें, अशी त्यावर मागणी होती. दुसऱ्याही विमानानें फलक आणला. त्यावर वेंगर यांच्याविषयीं विश्वास व आदर प्रगट केला होता. चाहते एकाच संघाचे, आकाश एकच, आणि विमानें दोन! खालीं संघ 3-1 असा हरला.

मे महिन्यांत दोन वर्षांचा नवा करार झाला खरा. पण 2018 सालीं घरच्या मैदानावर, तिकिटें विकलीं गेलेलीं असूनही, रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसूं लागल्या. 20 एप्रिल रोजीं वेंगर यांनीं हंगामाअखेर निघण्याचें जाहीर केलें आणि वारा फिरला. 6 मे रोजीं घरच्या मैदानावरील त्यांच्या शेवटच्या सामन्यास तेंच क्रीडांगण भरून गेलें. संघानें बर्नलीला 5-0 असें हरविलें, आणि अपराजित हंगामाचें स्मारक असलेला सोनेरी चषक वेंगर यांच्या हातीं दिला. निरोपाच्या भाषणांत त्यांनीं आरंभींच आपले जुने प्रतिस्पर्धी सर ॲलेक्स फर्ग्युसन, ज्यांच्या मेंदूवर आदल्याच दिवशीं शस्त्रक्रिया झाली होती, त्यांना आराम पडो अशी इच्छा व्यक्त केली. एका आठवड्यानें हडर्सफील्ड येथें, त्यांच्या 1,235 व्या व अखेरच्या सामन्यांत, 22 व्या मिनिटाला दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांनीं टाळ्यांचा गजर केला. कारण त्यांच्या सेवेचीं वर्षें बावीस. आकाशांत त्या दिवशींही एक विमान आलें. या वेळीं फलकावर आभार होते.

हें सर्व पाहून कोणी म्हणतात, चाहत्यांची जात कृतघ्न. ज्यानें वैभव दाखविलें त्यालाच हांकलावयास निघाले. दुसरे कोणी म्हणतात, त्या निरोपाच्या टाळ्या ढोंगी. काल जा म्हणणारे आज डोळे पुसतात. मला हीं दोन्हीं मतें मान्य नाहींत. दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे, आणि आमच्या दोन विद्यार्थ्यांची चूकही तीच: उपकार व तक्रार यांची वजाबाकी करून शेवटीं एकच शिल्लक काढली पाहिजे. वाण्याच्या वहींत ही रीत योग्य आहे. माणसाच्या बाबतींत ती अन्याय्य ठरते. 2004 चें यश 2017 च्या पराभवानें पुसलें जात नाहीं. तसाच 2017 चा पराभव 2004 च्या यशानें भरून निघत नाहीं. दोन्हीं खातीं निरनिराळीं ठेवावीं, आणि दोन्हीं पूर्णपणें मान्य करावीं. ज्याच्या मनांत या दोन भावना एकदम नांदतात तो चंचल नव्हे. त्याची स्मरणशक्ति शाबूत आहे, इतकेंच.

तर मग दोष कोणाचाच नव्हता काय? होता. तक्रार करणें गैर नव्हतें. ज्याचें संघावर प्रेम आहे त्याला स्पष्ट बोलण्याचा अधिकार आहे. परंतु 2014 च्या डिसेंबरांत स्टोक येथें हार झाल्यावर, आगगाडींत चढणाऱ्या त्या पासष्ट वर्षांच्या गृहस्थाची कांहीं चाहत्यांनीं फलाटावरून हुर्यो केली, ती तक्रार नव्हती; तो अपमान होता. तक्रार कामाविषयीं असते, अपमान माणसाचा असतो. दोष वेंगर यांच्याकडेही येतो. योग्य वेळीं उठून जाणें ही मोठी कठीण विद्या आहे, आणि ती त्यांना साधली नाहीं असें मला वाटतें. 2017 चा चषक हातीं असतांना ते निघते, तर रिकाम्या खुर्च्या पाहण्याची वेळ आली नसती. अर्थात् हें दुरून सांगणें सोपें आहे. जें झाड आपण वाढविलें त्याची सावली सोडवत नाहीं.

2018 नंतर वेंगर यांनीं कोणत्याही संघाचें मॅनेजरपद पत्करलें नाहीं. 2019 पासून त्यांनीं फिफा या जागतिक संस्थेंत खेळाच्या प्रगतीचें काम हातीं घेतलें, आणि त्याच कामानिमित्त 2023 च्या नोव्हेंबरांत भुवनेश्वर येथें येऊन मुलांच्या एका फुटबॉल-प्रशिक्षण केंद्राचें उद्घाटन केलें. आर्सेनलच्या मैदानावर सामना पाहण्यास मात्र ते 2022 च्या डिसेंबरपर्यंत, म्हणजे साडेचार वर्षें, गेले नाहींत. 2023 च्या जुलैमध्यें त्याच मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळा उभारला ही गोष्ट चांगली झाली. परंतु त्यांतील कांहीं चांगले शब्द त्या रिकाम्या खुर्च्यांच्या हिंवाळ्यांत त्यांच्या कानीं पडले असते, तर अधिक चांगलें झालें असतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या आयुष्यांतही असा प्रसंग येईल. ज्या शिक्षकांनीं तुम्हांस अक्षरओळख करून दिली, त्यांची शिकविण्याची रीत पुढें तुम्हांस जुनी वाटेल. ज्या वडिलांनीं काटकसर करून तुमची फी भरली, त्यांचीं कांहीं मतें तुम्हांस पटणार नाहींत. त्या वेळीं उपकार आठवून खोटें गप्प बसूं नका, आणि मतभेद झाला म्हणून उपकार विसरूं नका. पालकांसही विनंती आहे कीं, मुलाच्या तोंडून तक्रार निघतांच "एवढें केलें त्याचें हेंच फळ काय?" असें विचारूं नये. त्याची तक्रार खरी असूं शकेल, आणि त्याची कृतज्ञताही तितकीच खरी असेल.

व्हरांड्यांतील त्या दोन मित्रांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, तुमच्यांतील एकानें हार मानण्याचें कारण नाहीं. मात्र आभाराचें विमान उडविण्यास शेवटच्या सामन्याची वाट पाहूं नका.