बेघरांसाठी धाव, पण मागणी कोणाकडे?

सामाजिक प्रश्नांसाठी धावण्याची प्रथा आता आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. २००४ पासून मुंबईत भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये हजारो लोक धावतात आणि त्यातील अनेकजण छातीवर एखाद्या संस्थेचे नाव लावून निधी जमवतात. कोणी कर्करुग्णांसाठी धावतो, कोणी मुलींच्या शिक्षणासाठी, कोणी बेघरांसाठी. ही लाट कोकणातही पोहोचली असून रत्नागिरीतही आता मॅरेथॉन होते. धावण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. बेघरांविषयी 'जाणीव जागृती' करायची म्हणजे नेमके कोणाला जागे करायचे?

सरकारला हा प्रश्न माहीत नाही, असे नाही. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री जनगणनेच्या प्रगणकांनी फूटपाथ, पुलाखालची जागा, रेल्वे फलाट, देवळांचे आवार येथे फिरून बेघरांची मोजणी केली. देशात १७ लाख ७३ हजार माणसे बेघर आढळली. त्यापैकी २ लाख १० हजारांहून अधिक पुरोगामी म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात होती. उत्तर प्रदेशनंतर आपलाच क्रमांक! आणि ही मोजणी फक्त डोक्यावर अजिबात छप्पर नसलेल्यांची. दुसऱ्याच्या जागेत ताडपत्री ठोकून राहणाऱ्या कुटुंबाच्या झोपडीवर घरक्रमांक पडला, की ते कुटुंब या आकड्यातून बाहेर जाते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१० सालीच शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक कायमस्वरूपी निवारा उभारण्यास सांगितले होते. म्हणजे आकडा आहे, न्यायालयाचा आदेश आहे. नाही ती अंमलबजावणी.

रत्नागिरी जिल्ह्याचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. २००१ ते २०११ या दशकात राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. गावोगावी कुलूप लावलेली घरे आणि त्या घरांतली माणसे मुंबई-ठाण्याच्या चाळींत, झोपडपट्ट्यांत. हा उलटा कारभार का झाला? त्याचे मूळ जमिनीत आहे. खोती पद्धतीत सारा वसूल करणारा खोत गावाचा राजा होता. कुळाला जमिनीची शाश्वती नव्हती. अनेकांच्या चुलीखालची जमीनसुद्धा त्यांची नव्हती. त्यातून अस्पृश्य समाजाची वस्ती गावाबाहेर, इतरांना नको असलेल्या जागेत. पोटासाठी बोटीत बसून मुंबई गाठणे हाच मार्ग उरला.

आज खोती नाही. पण जागेचा प्रश्न संपलेला नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्य सरकारने २००८ साली रमाई आवास योजना आणली. २६९ चौरस फुटांचे घर मिळते, पण ते बांधायचे कुठे? योजनेला स्वतःची जागा लागते. कोकणात एकेका सातबारावर दहा-वीस सहहिस्सेदारांची नावे. निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. सर्वांची संमती आणता आणता अर्जदाराच्या चपला झिजतात आणि घरकुल कागदावरच राहते. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी २०१५ साली जागा खरेदीची योजना आली; त्यात सुरुवातीला ५० हजार रुपये ठरवले गेले. महामार्ग आणि पर्यटनाने ज्या जिल्ह्यात जमिनीचे भाव चढवले, तेथे ५० हजारांत काय मिळणार?

आणि मिळालेली जागा तरी सुरक्षित असते काय? २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे बौद्धवाडीवर दरड कोसळली आणि १७ जणांचे प्राण गेले. वृत्तपत्रांनी ती निसर्गाची आपत्ती म्हणून छापली. निसर्गाला जात कळत नाही, हे खरे. पण गावातली सुरक्षित, सपाट जागा कोणाला मिळाली आणि डोंगराची कुशी कोणाच्या वाट्याला आली, हे निसर्गाने ठरवलेले नाही. ते गावगाड्याने ठरवले.

धावण्याने काहीच होत नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे २००७ साली एका तरुणीने निवाऱ्यात राहणाऱ्या बेघरांनाच सोबत घेऊन पहाटे धावणे सुरू केले. नियमित येणाऱ्यांना पुढे प्रशिक्षण, नोकरी आणि घर मिळवण्यासाठी मदत दिली जाऊ लागली. आपल्या नागपुरात विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला आणि ती मुले बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली. दोन्ही ठिकाणी बेघर हा दयेचा विषय नव्हता, तो स्वतः मैदानात होता. फरक येथेच आहे. बेघरांच्या नावाने दुसऱ्यांनी धावायचे आणि बेघराने फूटपाथवरून बघायचे, याला जागृती म्हणत नाहीत.

आपल्या चळवळीला पायांची ताकद कोणी शिकवण्याची गरज नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी रत्नागिरी, कुलाबा, ठाण्यासह अनेक जिल्ह्यांतील वीस-पंचवीस हजार शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांच्या पायात बूट नव्हते. पण त्यांच्या हाती मागण्या होत्या आणि मागण्या कोणाकडे करायच्या, तो पत्ता होता. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. खोती जायला १९४९ चा कायदा यावा लागला, पण तो प्रश्न कोणाला पुन्हा दडपता आला नाही. पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात माणसे तुरुंगात गेली, ती जमिनीसाठीच.

म्हणून आमच्या तरुणांनी धावावे, जरूर धावावे. पण शर्यत समुद्रकिनारी संपवू नये, ती जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दारात संपवावी. मागण्या तीनच असाव्यात. सामायिक सातबारामुळे अडलेल्या घरकुलांसाठी तालुकावार शिबिरे घ्या. दरडप्रवण बौद्धवाड्यांची यादी जाहीर करून पावसाळ्यापूर्वी त्यांना सुरक्षित जागा द्या. आणि २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद होणार असल्याचे जाहीर झालेच आहे, तर बेघरांच्या रात्रमोजणीतही ती चोखपणे घ्या. त्या रात्री आपल्या कार्यकर्त्यांनी स्टँडवर, फलाटावर, बंदरावर जागे राहून प्रगणकाला वाट दाखवली पाहिजे. फूटपाथवर कोण झोपतो आणि का झोपतो, याचे उत्तर सरकारच्याच कागदावर आले पाहिजे. पदक गळ्यात पडल्यावर धावणारा घरी जातो. ज्याला जायला घरच नाही, त्याच्यासाठी चळवळीला यापुढेही चालत राहावे लागेल.