जोडे बाहेर काढा

दिवाळीच्या अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. चकलीच्या ताटाशेजारी वाचायचा मजकूर खुसखुशीतच असावा, हेही मला मान्य आहे. पण ज्या विषयावर मला भांडायचे आहे, तो विषयच मुळी दिवाळीचा आहे. भाऊबीज आटोपली, की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे फराळाचे डबे बांधून प्रवासाला निघतात. त्यांतली पुष्कळशी राजस्थानला जातात आणि जयपूर, उदयपूर, जोधपूर करीत करीत शेवटी वाळवंटाच्या टोकाशी जैसलमेरला पोचतात. मीही गेलो. दोनदा गेलो. पहिल्यांदा हौसेने गेलो आणि दुसऱ्यांदा ओशाळून गेलो. हा लेख त्या ओशाळेपणातून निघाला आहे. तेव्हा यातले पहिले फटके माझ्याच पाठीवरचे आहेत असे समजून वाचकांनी पुढे वाचावे आणि रागावू नये.

पहिल्या वेळची गोष्ट. आम्ही पंचवीसएक मंडळी एकामागून एक चार दरवाजे ओलांडीत किल्ल्यात शिरलो. आत अरुंद गल्ल्या, पिवळ्या दगडाची घरे, झरोके, दारादारांवर गणपतीची चित्रे. एका घराचे दार अर्धवट उघडे होते. आमच्यातल्या एका वहिनींनी ते ढकलले आणि त्या आनंदाने ओरडल्या, "अगं बाई, इथे खरंच माणसं राहतात!" आत एक वृद्ध गृहस्थ जेवायला बसले होते. आमच्यातल्या सातआठ जणांनी मोबाइल उचलले. त्यांत मीही होतो. म्हाताऱ्याने हातातला घास ताटात परत ठेवला, हात जोडले आणि "पधारो सा" म्हटले. आम्ही कोण खूश झालो! "काय अगत्य आहे हो या लोकांत!" हे आमचे पालुपद रात्रीपर्यंत बसमध्ये चालले होते.

तो ताटात परत ठेवलेला घास मात्र मला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. आपल्या घरी पाडव्याला पंगत बसली आहे आणि पंचवीस परकी माणसे पायांतले जोडे न काढता आत येऊन श्रीखंडाच्या वाटीचे फोटो घेऊ लागली आहेत, असे चित्र डोळ्यांसमोर आणा. आपण हात जोडू का? मला वाटते, आपण पोलिसांना फोन करू.

"इथे खरंच माणसं राहतात!" या एका वाक्यात माझे सगळे भांडण आहे. आपल्याला किल्ले पाहायची सवय आहे ती ओस किल्ल्यांची. जैसलमेरचा किल्ला रावळ जैसल याने 1156 साली वसवला आणि तो अजून उठलेला नाही. त्याच्या 99 बुरुजांच्या आत आजही काही हजार माणसे नांदतात. मुले शाळेला जातात, बायका पापड वाळत घालतात, जैन मंदिरांत पूजा होते. 2013 साली युनेस्कोने राजस्थानचे सहा डोंगरी किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा एक. सत्यजित राय यांनी 1974 साली 'सोनार केल्ला' चित्रपट काढला, तेव्हापासून बंगाली मंडळी इथे लोटू लागली. आता आपणही त्यांच्या जोडीला असतो. येऊ नये असे कोण म्हणतो? पण वस्तुसंग्रहालयात जायचे पाऊल वेगळे आणि दुसऱ्याच्या घरात टाकायचे पाऊल वेगळे, एवढे तरी आपल्याला कळायला नको का?

हे झाले रीतभातीचे. पाण्याची गोष्ट याहून गंभीर आहे.

मुंबईत वर्षाकाठी 200 सेंटिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जैसलमेरला सरासरी 20 सेंटिमीटरही पडत नाही. इतक्या थोड्या पाण्यावर या लोकांनी आठशेहून अधिक वर्षे शहर चालवले, ते थेंबाथेंबाचा हिशेब ठेवून. अनुपम मिश्र यांचे 'राजस्थान की रजत बूंदें' हे पुस्तक 1995 साली निघाले; ते वाचले म्हणजे आपले अज्ञान कळते. तिथल्या भाषेत पाण्याचे तीन प्रकार आहेत. पावसाचे सरळ मिळणारे ते पालर पाणी. खोल विहिरीचे ते पाताळपाणी. आणि या दोहोंच्या मधले, वाळूत मुरून खालच्या खडूसारख्या थरावर ओल होऊन अडलेले, ते रेजाणी पाणी. ही ओल थेंबाथेंबाने गोळा करण्यासाठी अरुंद तोंडाच्या लहान विहिरी खणतात. ज्या भाषेत ओलीलासुद्धा वेगळे नाव आहे, त्या भाषेच्या गावात आपण नळ सोडून दात घासतो.

शहराला नळ येईपर्यंत पाणी पुरवले ते गडीसर तलावाने. चौदाव्या शतकात महारावळ गडसी याने तो बांधला. तलावात ज्या जमिनीवरून वाहून पाणी येते, तिला तिकडे आगोर म्हणतात. आगोर झाडून लोटून स्वच्छ ठेवायचा, तिथे घाण करायची नाही आणि तिथे जोडे घालून जायचे नाही, असा दंडक असे. आपण देवळात जोडे काढतो. ते लोक पाणी जिथून येणार त्या जमिनीवर जोडे काढीत. मी पहिल्यांदा गडीसरला गेलो तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. मी तिथे होडीत बसलो, शेंगदाणे खाल्ले आणि टरफले पाण्यात टाकली.

पण माझा मोठा गुन्हा पुढेच आहे. त्या वेळी मी किल्ल्यातल्या एका लहानशा पाहुणेघरात उतरलो होतो. दिवसभर वाळूत हिंडल्यामुळे सकाळ-संध्याकाळ दोन वेळा भरपूर आंघोळ केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले, तर मालकाची आई तळघराच्या भिंतीवर तळहात टेकून एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत होती. मला वाटले, काही पूजा असेल. मुलाला विचारले. तो म्हणाला, "ओल किती चढली ते पाहते. रोज पाहते."

या ओलीचा अर्थ मला नंतर कळला. किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तिच्या पोटात मातकट, ठिसूळ थर आहेत. ते कोरडे असतात तोवर बळकट. पाणी मुरले की मऊ होतात, सरकतात आणि वरची तटबंदी सोबत घेऊन बसतात. शेकडो वर्षे या टेकडीवर पाणी चढले ते डोक्यावरच्या घागरींतून. घागरीने चढलेले पाणी घागरीएवढेच झिरपते. मग नळ आले, संडास आले, आणि पर्यटकांसाठी न्हाणीघरे आली. पाणी वर चढवणे सोपे झाले. ते सुखरूप खाली उतरवण्याची व्यवस्था मात्र तितकी नीट कधी झाली नाही. गटारे घातली, ती गळली. काही बुरूज आणि भिंती ढासळल्या. धोक्यात असलेल्या वास्तूंची यादी वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड ही संस्था काढते. 1996 पासून या किल्ल्याचे नाव त्या यादीत एकाहून अधिक वेळा आले. वेढे सोसून उभा राहिलेला किल्ला आपल्या आंघोळीने खचतो आहे. ती म्हातारी भिंतीला हात लावून माझी आंघोळ मोजत होती!

इथे कोणी म्हणेल, की आम्ही काही फुकट राहत नाही, पैसे मोजतो. त्या लोकांची पोटे आमच्यावरच चालतात. मुद्दा खोटा नाही. त्या गावात शेती बेताची, कारखाने थोडे. पर्यटक आला नाही तर चूल पेटायची पंचाईत होईल अशी घरे पुष्कळ आहेत. पण हा मुद्दा आपण ज्या तोऱ्यात मांडतो, त्या तोऱ्याला आपण पात्र आहो का? जैसलमेर काही मुळातले दरिद्री गाव नव्हे. सिंध आणि त्यापलीकडच्या मुलखाकडे जाणारे उंटांचे तांडे इथे थांबत. त्या व्यापारावर पटव्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या. मग मुंबई बंदर भरभराटले, माल आगबोटीने आणि आगगाडीने जाऊ लागला, आणि तांड्यांची वाट ओस पडली. उरलीसुरली वाट 1947 च्या सरहद्दीने बंद केली. म्हणजे ज्या मुंबईच्या वैभवाचा आपल्याला अभिमान, तिने या गावचे गिऱ्हाईक नेले. तेव्हा आपण तिथे चार पैसे खर्च करतो, ते उपकार करतो असे निदान मुंबईकराने तरी म्हणू नये.

शिवाय पैशाने खोली मिळते, भिंत मिळत नाही. चहाला पैसे दिले म्हणून चहावाल्याला अरेतुरे करण्याचा हक्क मिळत नाही, हे आपण मुलांना शिकवतो. मग गावाला अरेतुरे करायला आपल्याला कोणी शिकवले?

हेच गाण्याचे. मांगणियार हे तिकडचे गवई. धर्माने मुसलमान, पण पिढ्यानपिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला गाणारे. यजमानाच्या कुळाची नावे त्यांना पाठ. कृष्णाची आणि देवीची गाणी त्यांच्या गळ्यात. त्यांच्यातले कमायचा वाजवणारे साकर खाँ यांना 2012 साली पद्मश्री मिळाली. असा वारसा सांगणारे लोक समच्या वाळूवर आपल्यापुढे बसतात तेव्हा आपण काय करतो? एक गाणे पुरे होऊ देत नाही आणि हिंदी चित्रपटातल्या गाण्याची फर्माईश करतो. आमच्या तंबूत एका गृहस्थांनी नोट उंच धरून "काहीतरी नाचायजोगं होऊ द्या" असे फर्मावले. गवयाने खडताल खाली ठेवली, पाणी प्यायला, आणि सांगितले ते गायला. त्याचा चेहरा मला त्या घास ठेवणाऱ्या म्हाताऱ्यासारखा दिसला.

कुलधऱ्याचीही तीच कथा. पालिवाल ब्राह्मणांनी हे गाव दोनएकशे वर्षांपूर्वी सोडले. का सोडले, यावर एकमत नाही. दिवाणाच्या जुलमाची दंतकथा तेवढी सगळ्यांना ठाऊक. पण या पालिवालांनी खडीन बांधली. उतारावरून येणारे पावसाचे पाणी मातीच्या बांधाने अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा काढायचा. वाळवंटात गहू पिकवणाऱ्यांचे गाव आपण पाहतो ते भुताटकीसाठी! गाडीतून उतरताच मुले विचारतात, "भूत कुठंय?" आणि आपण हसतो. तिथून काही अंतरावर खडीन आहे, ती बघू या, असे आमच्या बसमधले कोणीही म्हणाले नाही.

मग जाऊच नये का? जावे, अवश्य जावे. मी दुसऱ्यांदा गेलो तो असा: किल्ल्याखाली शहरात उतरलो, एका बादलीत आंघोळ केली, किल्ल्यात सकाळी लवकर आणि दोघेच गेलो. दार उघडे दिसले तर पुढे चाललो. फोटो हवा वाटला तर आधी विचारले; "नको" म्हटले तेव्हा मोबाइल खिशात ठेवला. गवयाला विचारले, "तुम्हाला आज काय गावंसं वाटतं?" तो जरा थांबला आणि मग तासभर गायला. यात मी काही मोठे केले नाही. यात पैसे जास्त लागले नाहीत. एवढेच, की वेळ जास्त लागला आणि पाहिलेल्या ठिकाणांची यादी लहान झाली.

निघण्याच्या दिवशी त्या जुन्या पाहुणेघराकडे गेलो. म्हातारीने ओळखले नाही. ओळखावे तरी का? पाणी मागितले. तिने अर्धी लोटी आणून दिली. अर्धी का, हे पहिल्या वेळी मला कळले नसते. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो आणि लोटी पालथी करून दाखवली. तेव्हा ती हसली.

यंदाही बसगाड्या निघतील. उद्या सकाळी आपल्या दारात रांगोळी असेल, आणि येणारा पाहुणा ती पुसू नये म्हणून पाऊल जपून टाकील. न टाकल्यास आपण त्याला मनातल्या मनात नावे ठेवू. जैसलमेरच्या दारात रांगोळी दिसत नसेल, तरी ती आहे असे समजून पाऊल टाकावे, इतकेच माझे मागणे. ते जास्त वाटत असेल, तर खुशाल घरी बसून चकल्या खाव्या. त्या गावाची काही हरकत असणार नाही.