एसटीच्या फंडातली अमानत

1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुण्याहून सुटली आणि नगरला आली. आम्हा नगरकरांना याचा भारी अभिमान. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, तरी हा अभिमान तसाच आहे. पण त्या गाड्या हाकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांचे म्हातारपण कशावर चालते, हे आपण कधी विचारतो का?

बऱ्याच लोकांना वाटते, एसटीवाला म्हणजे सरकारी नोकर, त्याला पेन्शन असणारच. तसे नाही. एसटी हे महामंडळ आहे, त्यामुळे सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन त्याच्या कामगाराला कधीच नव्हती. त्याला मिळते ती 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची रक्कम. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के त्या योजनेत जातात, पण पगार कितीही असो, हिशेब धरायचा 15 हजारांवर. सप्टेंबर 2014 पूर्वी ही मर्यादा साडेसहा हजार होती. आता हिशेब करून पाहा. धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले 70. योजना सुरू होताना लागलेला कंडक्टर 2024 ला निवृत्त झाला, तर दोन्ही मर्यादांचे तुकडे जोडून हाती महिन्याला चार हजारांच्या आसपास पडतात. तो गेला की त्याच्या बायकोला त्याच्या निम्मे. 2021-22 चा तो लांबलेला संप लोकांनी पगाराचे भांडण म्हणून पाहिला. मला विलीनीकरणाच्या त्या मागणीच्या पोटात हे चार हजारच दिसतात.

पेन्शन अशी, म्हणून सगळी भिस्त प्रॉव्हिडंट फंडावर. आमच्या मोहल्ल्यांतून एसटीत लागलेल्या माणसाचा फंड म्हणजे मुलीचा निकाह, घरावरचा स्लॅब आणि जमलेच तर हज. मराठा, माळी, दलित घरांतही खर्चाची नावे बदलतात, फंड तोच.

एसटीचा हा फंड महामंडळाच्या स्वतःच्या ट्रस्टकडे असतो. कामगाराच्या पगारातून कापलेले 12 टक्के आणि महामंडळाचा वाटा दर महिन्याला ट्रस्टमध्ये जायला हवा. पण पगारापुरते पैसे कसेबसे जमतात आणि फंडाचा भरणा मागे राहतो, अशी तक्रार संघटना वर्षानुवर्षे करत आहेत. जून 2025 मध्ये सरकारनेच श्वेतपत्रिका काढली. तिच्यात संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर दाखवला आहे.

तोटा आहे, हे मान्य. पण कापलेली रक्कम महामंडळाची नव्हेच. आमच्याकडे अशा रकमेला अमानत म्हणतात. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू अडचणीत सापडलो म्हणून वापरता येत नाही, अडचण कितीही खरी असली तरी. हा केवळ धर्माचा मुद्दा नाही. मालकाने कामगाराचा वाटा कापून भरला नाही तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो, असे आपल्या दंडसंहितेतच होते. फंडाचा स्वतंत्र ट्रस्ट असलेल्या आस्थापनांनाही त्यातून सूट नव्हती. खाजगी कारखानदाराने असे केले तर त्याच्या दारात इन्स्पेक्टर उभा राहतो.

हल्ली एक सोपे उत्तर ऐकू येते: बायकांना अर्धे तिकीट दिले, पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यांना फुकट नेले, म्हणून एसटी बुडाली. हे मला पटत नाही. पाथर्डी, जामखेडच्या वाड्यावस्त्यांवरून बाजाराला आणि दवाखान्यात येणाऱ्या बाईला ही सवलत सरकारने दिली आहे आणि तिची भरपाई करण्याची हमीही सरकारचीच आहे. ती भरपाई उशिरा किंवा अपुरी आली, तर झळ ड्रायव्हरच्या फंडाला का लागावी? सवलत देण्याचे श्रेय मंत्र्याचे आणि तिचा खर्च कामगाराच्या म्हातारपणातून, असा हा कारभार आहे.

आंध्रने 1 जानेवारी 2020 पासून आपले एसटी कामगार सरकारी सेवेत घेतले. महाराष्ट्राला तेवढे झेपत नसेल, तर निदान दोन गोष्टी कराव्यात. भरपाईच्या रकमेतून फंडाचा वाटा आधी थेट ट्रस्टकडे जावा, उरलेली महामंडळाला मिळावी. आणि तारकपूरपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक आगाराच्या फलकावर दर महिन्याला लिहावे: किती कापले, किती भरले, कोणत्या तारखेला. यासाठी नवा कायदा लागत नाही, खडू लागतो.