टोल कापला किती आणि पट्टीत लागला किती?



ढोबळीचा चौथा तोडा काल गाडीत भरून दिला. फुलकिड्यांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांना उद्या फोटोसकट सांगतो. आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. पण पैसा पिकाचाच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आम्ही पाच जण मिळून एक पिकअप लावतो. एक दिवसाआड कराडहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल. रात्री नऊला गाडी सुटते, पहाटे गाळ्यावर उतरते, दुपारच्या आत परत गावात. वाटेत तीन टोलनाके: तासवडे, आणेवाडी, खेड शिवापूर. भाडं ठरलेलं, टोल वेगळा. गाडीवाला जो टोल सांगेल तो भाड्यात मिळवायचा आणि क्रेटवर वाटायचा. पट्टीवर फक्त 'मोटारभाडे' असा एक आकडा येतो. त्यात टोल किती, डिझेल किती, कुणी बघत नाही. मीही कधी बघितलं नव्हतं. औषधाच्या बाटलीवर पन्नास रुपयासाठी दुकानदाराशी अर्धा तास घालवणारा मी, पण मोटारभाड्याच्या रकान्यावरून नजर सरळ खाली जायची.

गेल्या महिन्यात पाहुण्यांच्या गाडीतून पुण्याला जाऊन आलो. येताना नाक्यावर पाहुण्याच्या मोबाईलवर मेसेज वाजला. जाताना जेवढे कापले त्याच्या निम्मेच परतीला कापले होते. म्हटलं मशीन चुकलं. पाहुणा हसला. म्हणाला, चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलं की दोन्ही वेळचे मिळून दीडपटच लागतात, फास्टॅगमधून आपोआप.

नियम असाच आहे. राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलचे नियम २००८ चे. त्यात जाऊन-येऊन चोवीस तासांत दीडपट हे लिहिलेलंच आहे. ऑगस्ट २०२० पासून ही सवलत फास्टॅगवाल्यालाच मिळते. पावती मागायची नाही, अर्ज नाही. आणि सवलत फक्त कारला नाही, मालाच्या गाडीलाही आहे.

आता आमचा हिशोब बघा. दर दरवर्षी बदलतात, म्हणून सोपा आकडा धरतो. समजा एका नाक्याला १०० रुपये. जाताना तीन नाक्यांचे ३००, येताना १५०. झाले ४५०. आमच्या वहीत प्रत्येक फेरीला सहाशेच्या हिशोबाने टोल लागलेला. फेरीमागे १५० जास्त. हंगामात आमच्या पन्नास फेऱ्या होतात. साडेसात हजार. पाच जणांत वाटले तरी एकेकाचे दीड हजार, म्हणजे एका फवारणीचा खर्च निघतो.

मी तडक गाडीवाल्याच्या दारात. पोरगा आमच्याच भावकीतला. "आप्पा, टोल काय मी घरी छापतो का? बोर्डावर जे लिहिलंय तेच धरतो की," असं म्हणाला आणि रागावला. मलाही राग होता. पण बसून चहा घेतला, तेव्हा खरी गोष्ट निघाली. पिकअप त्याने जुनी घेतलेली. काचेवरचा टॅग पहिल्या मालकाच्याच नावावर आणि मोबाईल नंबरही त्याचाच. हा त्याला पैसे पाठवायचा, तो तिकडून रिचार्ज मारायचा. मेसेज सगळे तिकडं. किती कापले, कधी कापले, ह्याला वर्षभर पत्ता नाही! शिल्लक कुणाच्या खिशात राहिली ते देव जाणे. मी पोराला चोर समजून गेलो होतो, निघाला तो आमच्यासारखाच.

त्यात अजून एक प्रकार घडलेला. एका रात्री परतीला टॅग चालला नाही, शिल्लक संपलेली. नाक्यावर रोखीत दुप्पट घेतले. म्हणजे जिथं ५० लागायचे तिथं २०० गेले, आणि तेही आमच्याच मालावर बसले. फेब्रुवारी २०२१ पासून टॅग सगळ्यांना सक्तीचा आहे, तेव्हा दुप्पट घेणं नियमातच होतं. नोव्हेंबर २०२५ पासून एवढं झालं की टॅग बंद असेल आणि यूपीआयने भरलं तर सव्वापट लागतं. रोख दिली तर तेव्हा दुप्पटच होतं. आमच्या गाडीवाल्याच्या मोबाईलवर यूपीआय होतं, पण त्याला हे कुणी सांगितलं नाही.

टॅगवर पैसे आहेत, टॅग चालू आहे, आणि नाक्याचंच मशीन वाचत नसेल तर मात्र एक रुपया द्यायचा नाही. २०१८ पासूनचा नियम आहे. गाडी फुकट सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. भांडण झालं तर १०३३ ला फोन लावा. हा नंबर ड्रायव्हरच्या डोक्यावर चिकटवून ठेवा.

आता माझं मत. टॅगबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी रात्री नाक्यावर अर्धा-अर्धा तास उभं राहायचो, कोथिंबिरीची गाडी असली तर वास बदलायचा. ते संपलं, चांगलं झालं. तक्रार ही आहे की पैसे आम्ही भरतो आणि हिशोब आमच्यापर्यंत येत नाही. मशीनला सेकंदाचा हिशोब माहिती आहे, आणि ज्याच्या मालावर टोल बसतो तो अंदाजाने भरतोय.

दुसरी तक्रार सरकारशी. १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास निघाला. सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० वेळा नाका ओलांडायचा, म्हणजे एका वेळेला १५ रुपये. पण फक्त खाजगी कार, जीप, व्हॅनला. पिवळ्या पाटीच्या पिकअपला नाही. म्हणजे आमच्या मालावर कमिशन खाणारा गाळेवाला कारमधून १५ रुपयांत जाणार आणि ज्या मालावर त्याचा गाळा चालतो ती गाडी पूर्ण दराने. ट्रॅक्टरला टोल नाही म्हणतात, खरं आहे, पण ट्रॅक्टरने ढोबळी पुण्याला कोण नेतो?

मालगाडीला मासिक पास आहे. एका नाक्याच्या ५० फेऱ्या, दोन तृतीयांश दराने. वहीत मांडून बघितलं. १०० च्या हिशोबाने पासचे ३३३३ होतात. दीडपटीने २२ वेळा जाऊन-येऊन ३३००, म्हणजे महिन्यात २३ खेपा झाल्या तरच पास परवडतो. आमच्या होतात पंधरा. रोज दूध किंवा भाजी नेणाऱ्याने जरूर घ्यावा, आमच्या कामाचा नाही. आम्हाला हवाय हंगामी पास, तीन-चार महिन्यांचा, नाशवंत माल वाहणाऱ्या छोट्या गाडीला. फुकट मागत नाही. टोलचा दर दरवर्षी ३ टक्के ठरलेला वाढतो आणि वर घाऊक महागाईच्या ४० टक्के. ढोबळीला असा निर्देशांक लावणारा कुणी भेटला तर कळवा.

परतीच्या भाड्याचंही बोललं पाहिजे. कधी गाडीवाला पुण्यातून सिमेंट नाहीतर फर्निचर भरून येतो. त्यासाठी थांबला आणि चोवीस तास उलटले तर परतीला पूर्ण टोल. तो टोल आमचा नाही, ज्याचा माल आला त्याचा. भावकी असली तरी हे स्पष्ट बोलून घेतलंय. जरा तोंड वाकडं झालं, पण ऐकलं.

आम्ही केलं ते एवढंच. जुना टॅग पहिल्या मालकाकडून बंद करून घेतला, नवा गाडीवाल्याच्या नावावर आणि नंबरवर काढला. दर रविवारी तो टॅगचा उतारा ग्रुपवर टाकतो. मोटारभाड्याच्या खाली टोल वेगळा लिहायचा. पहिल्याच आठवड्यात क्रेटमागे पावणेदोन-दोन रुपये कमी बसले. गाडीत ८० क्रेट असतात.

मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे आणि समृद्धी हे राज्याचे रस्ते, तिथले दर आणि नियम वेगळे. वार्षिक पासही तिथं चालत नाही. वाशीला माल पाठवणाऱ्यांनी वरचा हिशोब तसाच लावू नये. तिकडचा टॅगचा उतारा कुणाकडे असेल तर गाडी नंबर झाकून खाली टाका, मिळून बघू.

पाचवा तोडा गुरुवारी.